नित्याच्या वाटेवरील शांति

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त कार्ले येथें भरलेल्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं चार शब्द बोलण्याचा मान बहुधा विद्वानांस किंवा धर्मोपदेशकांस मिळतो. आमच्याजवळ ह्या दोहोंपैकीं एकहि अधिकार नाहीं. आम्हीं आयुष्याचीं पस्तीस वर्षें आगगाडीचा गार्ड म्हणून काढलीं, आणि सेवानिवृत्त झाल्यावर ह्या कार्ले गांवांत येऊन राहिलों. तरीहि ‘नित्याच्या जीवनांत ईश्वराच्या सान्निध्यांत कसें राहावें’ ह्या विषयावर आपल्या फादरांनीं आम्हांस बोलावयास सांगितलें, तेव्हां ती आज्ञा समजून आम्ही आपणांपुढें उभे आहों. कोणास शिकविण्याचा आमचा हेतु नाहीं. जें आम्हांस फार उशिरां उमगलें, तें आपणांस वेळेवर उमगावें, एवढीच इच्छा आहे.

शनिवार उजाडला कीं खंडाळ्याचा घाट वाहनांनीं भरून जातो, हें आपण सर्वजण पाहतांच. मुंबईची आणि पुण्याची माणसें शांति शोधीत ह्या डोंगरांत येतात. धबधब्याखालीं भिजतात, कडेकपारींचीं छायाचित्रें काढतात, आणि रविवारीं सायंकाळीं परत निघतांना त्यांच्या हातीं चिक्कीचे पुडे असतात. शांति मिळाली कीं नाहीं, हें त्यांचें त्यांनाच ठाऊक. परंतु त्यांस हंसण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. कारण आम्हीहि येथें असेच आलों.

आमचा हिशेब मोठा सोपा होता. नोकरी संपली, गाड्यांचा खडखडाट संपला, रात्री-अपरात्रींच्या पाळ्या संपल्या. आतां इंद्रायणीच्या कांठीं एक लहानसें घर घ्यावें, उत्तरेस लेण्यांचा डोंगर आणि दक्षिणेस लोहगड-विसापूर पाहत बसावें, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करावी, म्हणजे देव आपोआप जवळ येईल, असें आम्ही मानीत होतों. पहिला पावसाळा आला. आठ आठ दिवस लोहगडाचा माथा ढगांतून बाहेर आला नाहीं. चोहोंकडे पावसाच्या आवाजावांचून दुसरा आवाज नव्हता. अशी निवांत जागा आम्हांस आयुष्यांत कधीं मिळाली नव्हती, आणि मनाची इतकी अशांतिहि आम्हीं आयुष्यांत कधीं अनुभविली नव्हती!

कारण आम्ही जपमाळ हातीं घेऊन डोळे मिटले, कीं डोळ्यांपुढें वसईची आमची वाडी उभी राही. वाडींतील विहीर उभी राही. आणि विहिरीच्या पलीकडे उभे राहत आमचे थोरले बंधु. वडील वारल्यावर वाडीची वाटणी निघाली, वाटणींत विहिरीच्या पाण्याची पाळी निघाली, आणि त्या पाण्यापायीं दोन सख्ख्या भावांमध्यें अकरा वर्षें बोलणें बंद झालें. ज्या भावानें लहानपणीं आम्हांस खांद्यावर बसवून सणाच्या मिस्सेस नेलें, त्याच्या घरावरून जातांना आम्ही मान फिरवूं लागलों. नोकरींत होतों तेव्हां गाडीच्या आवाजांत हें सारें बुडून जाई. येथल्या शांततेंत तें वर आलें.

मग आम्ही प्रार्थना वाढविल्या. एका जपमाळेच्या जागीं तीन म्हणूं लागलों. एके सायंकाळीं तिसरी जपमाळ संपतांच आम्हीं चहा निवाला म्हणून घरांत आवाज चढविला. तेव्हां आमच्या गृहिणी शांतपणें म्हणाल्या, “अहो, तीन माळा झाल्या. आतां एक गोड शब्दहि होऊं द्या.” बंधुभगिनींनो, ह्या विषयावर पुष्कळ प्रवचनें आम्हीं ऐकलीं आहेत, पण त्या एका वाक्याइतकें नेमकें बोट आमच्या दुखण्यावर कोणींहि ठेवलें नव्हतें.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही एकदां लेणीं पाहावयास वर गेलों. तें बौद्ध बांधवांचें प्राचीन पूजास्थान आहे, आणि त्याच्या दारींच एकवीरा देवीचें मंदिर आहे. तिच्या दर्शनास किनारपट्टीवरील आपले कोळी व आगरी शेजारी मोठ्या श्रद्धेनें पायऱ्या चढून येतात. दुसऱ्याच्या पूजास्थानीं पाहुण्याच्या आदरानें जावें, तसे आम्ही गेलों. आणि तेथून जो विचार घेऊन खालीं उतरलों, तो आपणांस सांगितल्यावांचून आमचें बोलणें पुढें सरकणार नाहीं.

कार्ल्याचें चैत्यगृह हें भारतांतील खडकांत कोरलेल्या चैत्यगृहांत सर्वांत मोठें. लांबी सुमारें 124 फूट, रुंदी सुमारें 45 फूट. छताच्या लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षांच्या जुन्या असून आजहि जागच्या जागीं आहेत. तेथील ब्राह्मी लेखांवरून असें दिसतें कीं, हें काम केवळ राजांच्या किंवा भिक्षूंच्या हातून झालेलें नाहीं. वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीचें नांव तेथें आहे; पण त्याजबरोबर धेनुकाकट येथील एका सुगंधी द्रव्यें विकणाऱ्याचें नांव आहे, आणि सामी नांवाच्या एका सुताराचेंहि आहे. दुकान चालविणारीं आणि रंधा मारणारीं माणसें! आपल्या रोजच्या कमाईचा वांटा त्यांनीं त्या दगडांत घातला.

त्याहूनहि एका गोष्टीनें आमचें लक्ष वेधिलें. त्या सभागृहांत 37 स्तंभ आहेत. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा स्तंभांची रांग असून त्यांच्या माथ्यावर हत्ती व त्यांवर आरूढ झालेलीं स्त्रीपुरुषें मोठ्या कौशल्यानें कोरलीं आहेत. येणारा प्रत्येकजण त्यांकडे मान वर करून पाहतो. परंतु स्तूपाच्या मागें, अर्धवर्तुळांत, आणखी सात स्तंभ आहेत. ते अगदीं साधे, अष्टकोनी. त्यांस ना बैठक, ना नक्षी, ना मूर्ति. तेथें फारसें कोणी जात नाहीं. पण ज्या कारागिरानें ती मांडणी कल्पिली, त्यानें त्या सातांनाहि इतरांच्याच रांगेंत, इतरांच्याच उंचीस उभें केलें. त्यांच्यावांचून ती रांग पुरी झालीच नसती.

आम्हांस वाटलें, आपणां बहुतेकांचें आयुष्य त्या सात स्तंभांसारखें आहे. पहांटे उठून डबा करणारी माता, मळवलीहून लोकल धरून पुण्यास कामावर जाणारा तरुण, शाळेंतील शिक्षिका, बंगल्याची राखण करणारा माळी, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची सेवा करणारी सून. ह्यांच्या जीवनावर कोणी नक्षी कोरीत नाहीं, आणि कोणी मान वर करून त्यांजकडे पाहतहि नाहीं. म्हणून तीं वेदीपासून दूर आहेत काय? उलट पाहिलें तर ते सात साधे स्तंभच पूजास्थानाच्या सर्वांत निकट उभे आहेत!

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण ह्याहून निराळी नाहीं. प्रभु येशूनें आपल्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें नाझरेथ येथें काढलीं, आणि उपदेशाचीं वर्षें त्या मानानें अगदीं थोडीं. त्या तीस वर्षांविषयीं शुभवर्तमानांत फारच थोडे शब्द आहेत. सुताराचें घर, मातेची आज्ञा, शब्बाथ दिवसाची सभा, वार्षिक सणाची यरुशलेमची यात्रा; असेंच तें जीवन होतें. देवपुत्रानें करवतीस व रंध्यास हात लावला, आणि तेव्हांहि तो पित्याच्या सान्निध्यांतच होता. मग आपली लाटणें-पोळपाट, आपलें हिशेबाचें पुस्तक, आपला कारखान्यांतील यंत्राचा दांडा हीं देवाच्या घराबाहेरचीं कशीं ठरतील?

जिनीव्हाचे बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांनीं 1609 सालीं भक्तिमार्गावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. भक्ति ही कांहीं मठवाशांचीच मिरास नव्हे. शिपायी, कारागीर आणि संसारी स्त्री ह्यांनीं आपापल्या स्थितीस साजेल तशी ती आचरावी, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादिलें. पुढें पॅरिसच्या कार्मेल मठांत ब्रदर लॉरेन्स नांवाचे एक साधे बंधु होऊन गेले. ते 1614 सालीं जन्मले आणि 1691 सालीं वारले. मठाच्या स्वयंपाकघरांत त्यांस राबावें लागे, आणि मौज अशी कीं स्वयंपाकाची त्यांस मुळांतच नावड होती. तरी भांड्यांच्या गलबल्यांत ते ईश्वराशीं अखंड संभाषण करावयास शिकले. लिझ्यू येथील संत तेरेजा पंधराव्या वर्षीं मठांत गेली आणि 1897 सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, तेथेंच निवर्तली. मिशनकार्यासाठीं तिनें कधीं समुद्र ओलांडला नाहीं. तरी 1927 सालीं ख्रिस्तसभेनें तिला मिशनकार्याची आश्रयदात्री म्हणून घोषित केलें. लहान कृत्य मोठ्या प्रेमानें करणें हीच तिची सारी साधना होती.

आणि आम्हां वसईकरांस दूर जाण्याचें कारणच काय? संत गोन्सालो गार्सिया वसईचेच. ते जपानांत गेले, कांहीं काळ व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु झाले. धर्मगुरूंच्या तोंडचे शब्द जपानी लोकांस समजावून देणें, हें दुभाष्याचें काम त्यांच्या वांट्यास आलें. स्वतःचें नव्हे, दुसऱ्याचें बोलणें पोंचविण्याचें काम! तेंच प्रामाणिकपणें करतांना 5 फेब्रुवारी 1597 रोजीं नागासाकी येथें त्यांस क्रुसावर मरण आलें, आणि 1862 सालीं ते संतपदास पोंचले. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 1964 सालीं ख्रिस्तसभेविषयींच्या आपल्या घोषणापत्रांत सर्वांस स्पष्ट सांगितलें कीं, पवित्र होण्याचें पाचारण प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यास आहे. तो कोणत्याहि धंद्यांत व कोणत्याहि स्थितींत असो.

मग हें साधावें कसें? आमच्या अल्प अनुभवावरून तीन-चार गोष्टी सांगतों. त्यांत नवें असें कांहीं नाहीं. आपल्या आईबापांनीं केलें तेंच आहे.

पहिली गोष्ट प्रातःकाळच्या अर्पणाची. डोळे उघडतांच हात मोबाइलकडे जाण्यापूर्वीं कपाळाकडे जावा आणि क्रुसाची खूण करावी. आजचा दिवस, आजचें काम, आजचा त्रास हें सर्व प्रभूच्या चरणीं ठेवावें. ह्यास अर्धें मिनिट पुरतें. परंतु ज्या दिवशीं पहिला शब्द देवाशीं झाला, त्या दिवशीं दुसरा शब्द माणसांशीं जरा बरा होतो, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट घंटेची. आमच्या लहानपणीं सकाळीं, दुपारीं आणि सायंकाळीं ख्रिस्तमंदिराची घंटा होई, आणि वाडींत कुदळ मारणारा मनुष्य कुदळ टेकवून उभा राही. देवदूतानें पवित्र मारियेस निरोप दिला आणि तिनें त्यास होकार दिला, त्याचें तें स्मरण. आज येथें आपणांस घंटा ऐकूं येईलच असें नाहीं. पण बारा तर सर्वत्र वाजतात! दुकानांत, शेतांत, गाडींत, जेथें असूं तेथें एक क्षण थांबून मारियेप्रमाणें होकार द्यावा. काम थांबत नाहीं. कामाचें तोंड मात्र योग्य दिशेस वळतें.

तिसरी गोष्ट रात्रीच्या आत्मपरीक्षणाची. दुकानदार रात्रीं गल्ला मोजतो. आम्ही गार्ड असतांना प्रत्येक फेरीनंतर वहींत नोंद करीत असूं: गाडी कोठें थांबली, किती वेळ थांबली, कां थांबली. तशीच नोंद निजण्यापूर्वीं मनांत करावी. आज देवानें कोठें हात दिला? आज आम्ही कोठें थांबलों, आणि कां? आभार मानावयाचे तेथें आभार, आणि क्षमा मागावयाची तेथें क्षमा. इतकेंच.

चौथी गोष्ट अशी कीं, देवाशीं आपल्या भाषेंत बोलावें. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. ते 1579 सालीं गोव्यास आले, आपली भाषा शिकले, आणि 1616 सालीं राशोल येथें त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण छापून निघालें. परदेशाहून आलेल्या मनुष्यास जी भाषा ईश्वराच्या स्तुतीस योग्य वाटली, ती आपणांस प्रार्थनेसाठीं अपुरी कां वाटावी? येथें आपल्यांत कोणी वसईकडचे आहेत, कोणी नगरकडचे, कोणी गोव्याकडचे. ज्या बोलींत आईनें आपणांस झोपविलें, त्याच बोलींत देवाला ‘बापा’ म्हणावें. तो समजतो.

आणि ह्या सर्वांच्या मुळाशीं रविवारची पवित्र मिस्सा. आठवडाभराचे तुकडे तेथें एकत्र येतात. भाकर आणि द्राक्षारस ह्यांबरोबर आपले श्रमहि धर्मगुरूंच्या हातीं वेदीवर ठेवले जातात, हें लक्षांत ठेवून जो मिस्सेस बसतो, त्यास सोमवार हा मंगळवाराचा थोरला भाऊ न वाटतां रविवाराचा धाकटा भाऊ वाटूं लागतो.

परंतु बंधुभगिनींनो, येथें थांबलों तर आम्ही आपली फसवणूक केली असें होईल. कारण हें सर्व आम्हींहि केलें. अर्पण केलें, बारा वाजतां थांबलों, रात्रीं मनाची वही उघडली. आणि प्रत्येक रात्रीं वहींत तीच एक नोंद निघे: गाडी विहिरीपाशीं थांबली आहे. शेवटीं आम्ही पापनिवेदनास गेलों. मनांतली सारी गोष्ट ऐकून घेतल्यावर त्या धर्मगुरूंनीं आम्हांस लांबलचक प्रायश्चित्त दिलें नाहीं. ते म्हणाले, “प्रभूनें शिकविलेली प्रार्थना रोज एकदांच म्हणा. आपल्या अपराध्यांना आपण क्षमा करितों, असें जेथें सांगावें लागतें, तेथें थांबा. मनांत भावाचें नांव घ्या. मग पुढें जा.”

किती सोपें प्रायश्चित्त, असें आम्हांस वाटलें. घरीं येऊन आम्ही उभे राहिलों, त्या वाक्यापर्यंत आलों, आणि जीभ उचलेना. आजवर हजारों वेळां जें वाक्य आम्ही धांवत्या गाडीसारखें ओलांडून गेलों होतों, त्या वाक्यावर सिग्नल पडला होता. त्या दिवशीं चुलीवरचा भात करपला, पण भावाचें नांव कांहीं ओठांवर आलें नाहीं. दुसऱ्या दिवशींहि नाहीं. आठव्या कीं नवव्या दिवशीं तें आलें; आणि त्याबरोबर जें आलें, तें आम्हीं अपेक्षिलें नव्हतें. आम्हांस त्याचा अपराध आठवेना. त्याचा खांदा आठवला, आणि त्या खांद्यावरून दिसणारी सणाची गर्दी आठवली.

प्रभूचा उपदेश आपणांस ठाऊक आहे. अर्पण घेऊन वेदीपाशीं आलास आणि भावाच्या मनांत तुझ्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेव, आधीं जाऊन भावाशीं समेट कर, आणि मग ये. असा त्याचा आशय आहे. त्यांत एक मर्म आहे, तें आम्हांस तेव्हां उमगलें. दोष कोणाचा, हें प्रभूनें तेथें विचारलेंच नाहीं. जो वेदीपाशीं उभा आहे, त्यानेंच निघावयाचें.

आम्ही निघालों. लोणावळ्याहून गाडीनें दादर आणि तेथून वसई. घरीं पोंचलों तेव्हां दुपार झाली होती. दादा ओटीवर बसून केळीच्या पानांचीं बंडलें बांधीत होते. केस सारे पांढरे झाले होते, हात थरथरत होते. त्यांनीं वर पाहिलें, थोडा वेळ पाहतच राहिले, आणि म्हणाले, “उशीर केलास. हातपाय धू. वहिनीला पान वाढायला सांगतों.” अकरा वर्षांत आम्हीं मनांत जीं मोठमोठीं भाषणें रचिलीं होतीं, त्यांतील एकहि शब्द लागला नाहीं.

जेवणानंतर दोघेहि विहिरीवर गेलों. वसईच्या किनाऱ्याकडील पुष्कळ विहिरींप्रमाणें तिचेंहि पाणी खारें झालें होतें. वाडीस तें चालत नव्हतें, आणि पिण्यास तर नव्हतेंच. ज्या पाण्याच्या पाळीसाठीं दोन भावांनीं अकरा वर्षें घालविलीं, त्या पाण्याचा आतां कोणासच उपयोग राहिला नव्हता. दादा कांहीं बोलले नाहींत, आम्हीहि बोललों नाहीं. सायंकाळीं सर्व घर जपमाळेस बसलें. दादांनीं प्रार्थना चालविली. आणि प्रभूच्या प्रार्थनेंतील त्या वाक्यापाशीं त्यांचा आवाज थांबला. तेव्हां आम्हांस कळलें कीं, सिग्नल दोन्ही बाजूंस पडलेला होता.

पुढच्या वर्षीं उपवासकाळांत दादा प्रभूकडे गेले. अकरा वर्षांच्या बदल्यांत आम्हांस एक वर्ष मिळालें. तें देवाचें दान म्हणून आम्ही घेतलें. पण गेलेलीं वर्षें आठवलीं म्हणजे अजून मन भरून येतें. वाटणीचे कागद आजहि पुरे झालेले नाहींत; मात्र दोन्ही घरांचीं मुलें आतां एका ओटीवर बसून तें काम समजुतीनें करीत आहेत. आणि येथें कार्ल्यास आमच्या घरीं? पाऊस तसाच पडतो, ढग तसेच येतात. जपमाळ आम्ही आतां एकच म्हणतों. गृहिणींस विचाराल तर चहाच्या बाबतींत अजून सुधारणेस जागा आहे, असें त्या सांगतील! परंतु डोळे मिटल्यावर विहिरीच्या पलीकडे आतां कोणी पाठ फिरवून उभें नसतें.

कोणी म्हणेल, एवढें बळ आमच्यांत कोठून यावें? त्यासाठीं आमच्या धंद्यांतील एक गोष्ट सांगून हें बोलणें संपवितों. पुण्याहून खंडाळ्यापर्यंतचा लोहमार्ग 1858 सालीं सुरू झाला, आणि बोरघाट चढून येणारा मार्ग 1863 सालीं पुरा झाला. तो बांधतांना हजारों गरीब मजुरांनीं प्राण वेंचले. त्यांचींहि नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. ह्या घाटांत 37 फुटांमागें एक फूट चढ आहे. मुंबईकडून येणारी जड गाडी पुढच्या इंजिनाच्या बळावर तो चढूं शकत नाहीं. म्हणून कर्जतला गाडीच्या मागें आणखी इंजिनें लावतात. तीं गाडीस ढकलीत वर आणतात आणि लोणावळ्यास सुटतात. डब्यांत बसलेल्या प्रवाशांपैकीं बहुतेकांस ह्याचा पत्ताहि नसतो. आमचा डबा गाडीच्या शेवटीं असल्यामुळें आम्हीं मात्र तें बळ अगदीं पाठीशीं अनुभविलें आहे.

ईश्वराची कृपा अशीच असते. आपण समजतों, आपल्याच जोरावर आपण चढलों. पण मागून कोणीतरी ढकलीत असतो. मात्र एक अट आहे. कर्जतला गाडी थांबल्यावांचून तीं इंजिनें जोडतां येत नाहींत! सकाळचें अर्धें मिनिट, दुपारचा एक क्षण, रात्रीची नोंद, रविवारची मिस्सा, आणि गरज पडेल तेव्हां पापनिवेदन. हीं आपलीं थांबण्याचीं स्थानकें आहेत. तेथें जो थांबत नाहीं, त्याची गाडी घाटांत अडते. आम्ही अकरा वर्षें अडलों होतों.

आज आपण महोत्सव साजरा करीत आहों. हा शब्द आपण दीपमाळा, मिरवणूक आणि मेजवानी ह्यांसाठीं वापरतों, आणि तेंहि योग्यच आहे. परंतु जुन्या करारांतील लेवीय ह्या पुस्तकांत पन्नासाव्या वर्षाच्या महोत्सवाचा जो नियम सांगितला आहे, त्यांत कर्णा फुंकल्यावर दोन गोष्टी करावयाच्या असत: गेलेली जमीन मूळ कुळास परत जावी, आणि दास झालेला मनुष्य आपल्या घरीं परतावा. म्हणजे महोत्सव हा मुळांत परतण्याचा काळ होय. आपल्या धर्मग्रामाची इमारत रंगविली गेली, स्मरणिका छापली गेली, पाहुणे आले. आतां एक काम उरलें आहे, आणि तें समिति करूं शकत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.

म्हणून आमची एकच नम्र विनंति. आज रात्रीं घरीं गेल्यावर प्रभूनें शिकविलेली प्रार्थना सावकाश म्हणा, आणि त्या एका वाक्याशीं थांबा. जर कोणाचेंच नांव आठवलें नाहीं, तर देवाचे आभार मानून सुखानें निजा. जर एखादें नांव आठवलें आणि ओठांवर येईना, तर घाबरूं नका. उद्यां पुन्हा थांबा, परवां पुन्हा थांबा. आणि ज्या दिवशीं तें नांव ओठांवर येईल, त्या दिवशीं लेण्यांचा डोंगर चढण्याची गरज नाहीं. मिळेल ती गाडी धरा आणि त्या माणसाच्या घरीं जा. विहिरीचें पाणी खारें होईपर्यंत वाट पाहूं नका.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीनें आपल्या प्रत्येकाच्या घरांत, चुलीपाशीं, ओटीवर आणि कामाच्या ठिकाणीं प्रभूची शांति नांदो, हीच ह्या शुभप्रसंगीं आमची प्रार्थना. आमेन.